पट्टीवरच्या फुल्या

पीठ आणि चुना यांतला फरक गिरणीवालीला कोणी शिकवायला नको. पीठ झटकलं की जातं, उरलंसुरलं फुंकर मारली की उडतं. चुना जात नाही. तो नखांच्या कडेला बसतो, बोटांना भेगा पाडतो आणि तेल चोळलं तरी हात सोडत नाही. आमच्या ह्यांच्या बोटांवर तसल्या भेगा दिसल्या, तेव्हा दळणाला आलेल्या बायांसमोर मी चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवशी माझं डोकं चक्कीपेक्षा जोरात फिरत होतं.

खरं तर आधी कळलं नाही हेच नवल, कारण मी मुळात संशयी. आहेच, त्यात लपवायचं काय? पण आमच्या घरात सगळेच पांढरे. पुढच्या खोलीत गिरणी, मागे आम्ही. उशीवर पीठ, रेडिओवर पीठ, माझ्या भुवयांवर तर कायमचंच. नवरा दुपारी पांढरा होऊन घरात आला तर बायको काय समजणार? गिरणीतून आला असेल, असंच समजणार. आमचे हे गिरणीत पायसुद्धा ठेवत नाहीत, त्यांना तो आवाज सोसत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

गावाच्या वरच्या अंगाला पठार आहे आणि पठारावर पट्टी. एका बड्या मालकाने ती स्वतःच्या विमानासाठी करून घेतली होती. मुरूम दाबून केलेली लांबच लांब धावपट्टी, कडेला पत्र्याची शेड, भोवती काटेरी तार आणि एका खांबावर वारा कुठून येतोय ते दाखवणारी कापडी पिशवी. हे तिथले राखणदार. गुरं हाकलायची, गवत कापायचं, विमान यायच्या आधी अख्खी पट्टी चालत जाऊन खडे वेचायचे. ते काम ह्यांनी इतक्या जिवापाड केलं की गावाने ह्यांचं नावच 'विमानतळ' पाडलं. 'विमानतळ आहेत का घरी?' असं लोक माझ्याच दारात उभं राहून मला विचारायचे.

मग मालकाचा धंदा बसला, विमान गेलं ते गेलंच. खांबावर पिशवीची एक चिंधी राहिली आणि मुरमातून गवत वर आलं. ह्यांची नोकरी सुटली, वर जाणं मात्र सुटलं नाही. पाय मोकळे करून येतो, म्हणायचे. तुमचे पाय एवढे बांधतं तरी कोण, असं मी विचारायचे, त्यावर नुसते हसायचे. ह्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला नळ पिळणं. मी घरात एकटी दोघांचं बोलते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

तर त्या पावसाळ्यानंतर एक जीपवाला आला. नीटनेटका माणूस, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात घडी घातलेला नकाशा. गिरणीच्या दारात उभं राहून त्याने पट्टीचा रस्ता विचारला. मी म्हटलं, तिथे आता सरडेसुद्धा उतरत नाहीत, तुम्हाला काय करायचंय? तो हसला, पण सांगितलं काहीच नाही. तेवढ्यात हे मागून आले आणि त्याला घेऊन थेट वर गेले. परत आल्यावर मी विचारलं, कोण होता? हे म्हणाले, "रस्ता चुकला होता."

माझ्या देखत ज्याने पट्टीचं नाव घेऊन रस्ता विचारला, तो रस्ता चुकला होता? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. आमच्या ह्यांना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे बोलले की लगेच उघडे पडतात. कान लाल होतात. त्या दिवशी कान लाल झाले होते आणि हे नको इतका वेळ चपला पुसत बसले होते.

पुढे तीच जीप पुन्हा आली, गावात न थांबता वर गेली. जाताना मागे भरलेली पोती होती, येताना रिकामी. हे मी गिरणीच्या खिडकीतून पाहिलं. आणि नंतर त्या बोटांच्या भेगा.

मग मी काय केलं असेल? एका दुपारी चक्कीचा पट्टा उतरवला, चक्की गरम झालीय असं सांगून बायांना परत पाठवलं आणि ह्यांच्या मागोमाग निघाले. अंतर ठेवून, खोकला दाबत. चढ मोठा आहे, माझं वजनही काही कमी नाही. एका दगडाआड टेकून पाहिलं तर हे शेडमधून बादली घेऊन निघाले, दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या आणि दोरीच्या कडेने चालत चुन्याची फक्की टाकू लागले. मैदानावर खेळासाठी आखतात तशी. पण खेळणार कोण, वारा?

हे दुसऱ्या टोकाला गेले तशी मी शेडमध्ये घुसले. पोती मांडून ठेवलेली, तोंडं मशीनने शिवलेली. एकाचा कोपरा उसवून चिमूट बाहेर काढली. चुनाच होता. दुसरंच काही निघेल म्हणून मी घाबरले होते, पण चुना निघाला आणि उलट जास्तच घाबरले. चुना काही कोणी चोरून विकत नाही. चुना खूण करायला लागतो.

जमिनीवरून नुसत्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. शेडच्या वरच्या टेकाडावर पाण्याची टाकी आहे, मी तिच्या लोखंडी शिडीवर चढले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण चढले. आणि तिथून दिसलं. पट्टीच्या ह्या टोकाला एक फुली आणि त्या टोकाला एक फुली. घराएवढ्या मोठ्या. अशा आखलेल्या, की फक्त वरून बघणाऱ्यालाच दिसाव्यात.

आमचं गाव सरहद्दीपासून फार लांब नाही. विमानातून काय काय टाकतात, कुठे कुठे टाकतात, याच्या गोष्टी आम्ही सगळे ऐकून आहोत. अमुक ठिकाणी खूण केली, वरून गाठोडं पडलं, खालचा माणूस तुरुंगात सडला, वरचा उडून गेला. खालचा माणूस नेहमी असाच असतो. गरीब, गप्प, पट्टी पाठ असलेला. मी त्या शिडीवर बसून रडले. रागाने रडले, कारण मला हा माणूस हवा होता, तुरुंगात नव्हे, माझ्या मागच्या खोलीत, चपला पुसत बसलेला.

त्यांना विचारलं का नाही, असं कोणी विचारेल. विचारलं की. घरी आल्या आल्या विचारलं, हाताला काय झालंय? म्हणाले, "थंडीने फुटले." कान लाल.

शेवटी मी माझ्या भावाकडे गेले. भाऊ माझ्याहून लहान. आई लवकर गेली, म्हणून माझ्याच हाताखाली वाढलेला. आता ठेकेदार आहे, ट्रॅक्टर आहे, गावात वजन आहे. पलीकडच्या वस्तीला पाणी नेण्याची योजना त्यानेच घेतली होती. टाकीपासून पठार ओलांडून वस्तीपर्यंत पाईप टाकून झाले, काम पुरं झालं, म्हणून त्याचा सत्कारही झाला होता. पाणी अजून आलं नव्हतं, पण ते वरच्या कचेरीत कुठेतरी अडलंय असं तो सांगायचा आणि मी वस्तीच्या बायांना तसंच ठणकावून सांगायचे. त्याच्याबद्दल कोणी वावगं बोललं तर मी दळण परत करते, अशी माझी ख्याती. आमच्या ह्यांनी एकदाच, लग्नानंतर लवकरच, त्याच्या कुठल्याशा कामाबद्दल काहीतरी म्हटलं होतं. तेव्हा मी असं आकाशपाताळ एक केलं की नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

भावाने माझं सगळं ऐकून घेतलं. चहा ठेवायला सांगितला, पण स्वतःचा कप त्याने तोंडाला लावला नाही. फुल्या नक्की कुठे आहेत, हे तेवढं दोनदा विचारलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "ताई, हे पोलिसांच्या कानावर गेलं तर पठाराचा इंच न् इंच तपासतील. दाजींना कोणी वाचवू शकणार नाही. तू गप्प बस, मी बघतो."

मी म्हटलं, काय बघतोस? तो म्हणाला, कुळव फिरवतो, खूणच राहिली नाही तर गुन्हा कसला? मला पटलं. उलट वाटलं, बघा, रक्ताचं माणूस ते रक्ताचं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दात दाखवायला तालुक्याला गेले, तेव्हा वर ट्रॅक्टरचा आवाज आला आणि मी चक्की मुद्दाम जोरात चालवली.

हे संध्याकाळी परतले ते गाल सुजवूनच. झोपून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, कळेल तुम्हाला, आणि कळलं तरी बोलणार नाही तुम्ही. तेवढ्यात तो आवाज आला.

विमानाचा आवाज आमच्या गावाने इतकी वर्षं ऐकला नव्हता, पण गाव तो विसरलंही नव्हतं. घरघर, मध्येच ठसका, पुन्हा घरघर. हे घास हातात धरून छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इंजिन धड नाही." आणि ताटावरून उठून तसेच, उष्ट्या हाताने धावत सुटले.

आलं, मी म्हटलं, गाठोडं आलं. आणि हा मूर्ख माणूस भर दुपारी, सगळ्या गावाच्या देखत ते घ्यायला पळतोय. मी मागे धावले. ओरडत होते, परत फिरा, माझी शपथ आहे. गिरणीच्या बाया बाहेर येऊन बघत होत्या. बघू देत. मला त्यांना धरून घरी आणायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

पठारावर पोचले तेव्हा हे पट्टीच्या वरच्या टोकाला उभे होते, जिथे परवा फुली होती तिथे. आता तिथे कुळवाचे ओरखडे होते, नुसता मुरूम आणि माती. ह्यांनी वाकून मातीला हात लावला. मग दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. चोरी फसलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. डोळ्यांसमोर कोणी बुडत असावं, तसे ते दिसत होते.

वर ते लहानसं पांढरं विमान वळण घेत होतं. मी त्यांच्याकडे पोचायला पट्टीच्या लांबीने धावत सुटले, गवतातून, सरळ. आणि पायाखालची जमीन गेली.

छातीपर्यंत खोल खंदक. पट्टीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा खणलेला, वर गवत माजलेलं, दोन पावलांवरूनही दिसत नव्हता. मी तळाशी आपटले. गुडघे सोलले, तोंडात माती गेली. हाताने चाचपलं. पाईप नव्हता. इकडे नव्हता, तिकडे नव्हता. एकाच्या पुढे एक टाकून झाले, असं ज्याने माझ्या समोर बसून सांगितलं होतं, त्याने इथे एकही पाईप टाकला नव्हता. खणून, वाऱ्यावर सोडून, सत्कार घेऊन घरी गेला होता. आणि परवा माझा हात हातात घेऊन त्याने दोनदा विचारलं होतं, फुल्या नक्की कुठे आहेत.

मला कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. हे काठाशी आले, मला हात देऊन वर ओढलं. दम लागला होता, तरी बोलले, आणि ह्यांच्या मानाने पुष्कळ बोलले. "फुली म्हणजे उतरू नका. शिकाऊ पोरं आहेत ती, त्यांना तसंच सांगितलंय. फुली नसली तर पट्टी दुरुस्त झाली समजतील. ह्या खंदकात चाक गेलं तर मरतील."

"कुठल्या टोकाने येईल?" मी विचारलं.

त्यांनी खांबावरच्या चिंधीकडे पाहिलं. "ह्याच."

शेडमधून आम्ही एकेक पोतं फरफटत आणलं. ह्यांनी दोरी खुंटीला बांधायला घेतली, मी म्हटलं ती राहू द्या. ते फुटक्या बोटांनी पोत्याची शिवण ओढायला लागले आणि चुकीच्या बाजूने ओढली, गाठ बसली. पोत्याची शिवण एका बाजूने ओढली तर घट्ट होते, दुसऱ्या बाजूने ओढली तर एका झटक्यात सुटते. माझं अख्खं आयुष्य पोती उघडण्यात गेलंय. दोन्ही पोती मी उघडली, तोंड मुठीत आवळून धरलं, हवं तेवढंच सांडेल असं, आणि उलट्या पावलांनी पळत सुटले. हे तिरपे तिकडून इकडे, मी तिरपी इकडून तिकडे. मध्ये एकमेकांना धडकलो. डोळ्यांत चुना गेला, आग आग झाली. पोतं हलकं होत गेलं तसा वेग वाढला. रेघ वाकडी आली असेल, आली तर आली.

मान वर केली तर विमान समोर होतं. नाक खाली, चाकं खाली, सरळ आमच्याकडे. हे फुलीच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. मी त्यांना ओढलं नाही. त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि मीही हात पसरले. मला मरणाची भीती वाटत होती, हे कबूल करायला लाज कसली? पण त्यांना एकटं उभं राहू देणं मला शक्य नव्हतं.

इंजिन कण्हलं. नाक वर झालं. चाकं डोक्यावरून गेली, अंगावर असा वारा आला की आमची फुली आमच्याच अंगावर उडाली. खंदकाच्या पलीकडे जाईपर्यंत ते जमिनीला टेकतंय की काय असं वाटत होतं, पण टेकलं नाही. कसंबसं कडा ओलांडून पलीकडच्या कुरणाच्या बाजूला उतरत गेलं आणि दिसेनासं झालं. मग आवाज थांबला. आम्ही दोघं तिथेच बसलो.

थोड्या वेळाने मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"फुल्यांचं सांगायचं तर खंदकाचं सांगावं लागलं असतं," ते म्हणाले, "आणि खंदकाचं सांगायचं तर तुझ्या भावाचं."

त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

दुपार कलता जीपवाला आमच्या दारात आला. कुरणात उतरताना विमानाचं चाक मोडलं होतं. आत एकटी मुलगी होती, तिचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. तो उड्डाणाच्या शाळेतला मास्तर. चुनाही त्याच्याच शाळेचा. पोरीने सांगितलं होतं म्हणे, आधी पट्टी अगदी मोकळी दिसली, मग पाहते तर दोन माणसं पळताहेत आणि त्यांच्या मागे पांढरी रेघ उमटतेय. हे सांगून त्याने ह्यांना विचारलं, आधीच्या फुल्या पुसल्या कोणी?

आणि त्याच वेळी माझा भाऊ आला. गावभर बातमी पसरली होती. दारातूनच त्याने सुरुवात केली, "बघ ताई, मी म्हटलं नव्हतं, दाजींचं काहीतरी—" मग त्याला जीपवाला दिसला, तेव्हा त्याची नजर माझ्या सोललेल्या गुडघ्यांवर आली, मग माझ्या हातांवर. मी हात धुतले नव्हते. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला तो लहानपणी नाक पुसायला माझ्याकडे यायचा ते आठवलं, आणि तरीही मला दया आली नाही.

मी म्हटलं, "फुल्या ह्याच्या ट्रॅक्टरने पुसल्या. कुठे आहेत ते मी सांगितलं होतं. आणि खंदक ह्याचा आहे."

तो म्हणाला, ताई, घरातलं बाहेरच्यासमोर कशाला? कचेरीतून पाईपच आले नाहीत, मी तरी काय करणार? माझ्याकडे असं बघितलं की आता मी नेहमीसारखी पुढे होऊन त्याची बाजू घेईन. सवय माझीच होती, मीच लावलेली.

मी चक्कीजवळचं स्टूल ओढलं आणि ह्यांच्या समोर ठेवलं. ह्यांना गिरणीत बसवलं, जिथे ते कधी बसत नाहीत. चक्की बंद होती, आवाज नव्हता. भावाला म्हटलं, "ह्या घरात तुझ्याबद्दल एक शब्द चालत नव्हता. आजपासून चालतो. ऐक."

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खरंच का, असं विचारल्यासारखं. मग घसा खाकरून, अडखळत, खंदक कधी खणला, तिथे पाईप कसे आलेच नाहीत आणि वस्तीला पाणी का मिळत नाही ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. खूप वेळ सांगत होते. मी एकदाही मध्ये बोलले नाही.